अल्पशा आजाराने

वाल्मिक टकलेच्या हातून काष्टी आणि पंचक्रोशीतली निदान हजारभर माणसं वर गेली, असं गावातले चेष्टेखोर म्हणतात. माणसं मेली ती आपापल्या मरणानं. वाल्मिकनं फक्त त्यांच्या निधनाच्या बातम्या पेपरला पाठवल्या. वीस वर्षं तो गावचा वार्ताहर. कुणाचे किती मुलगे, किती सुना, जावई कुठल्या गावचा, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या घरात मात्र माणूस एकच उरलेला. भाकरी एकट्यानं थापायची, एकट्यानं खायची, आणि टीव्ही नुसता आवाजासाठी लावून ठेवायचा.

यंदा पेपरनं कळवलं की वार्ताहरांना पॉडकास्टही जमायला हवा. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर वाल्मिक दर रविवारी एसटीनं नगरला वर्गाला जाऊ लागला. वर्गातली पोरं त्याला काका म्हणायची, आदरानं बाकावर जागा द्यायची, आणि चहाला आपापसात निघून जायची. पण बातमी कशी लिहायची हे आपल्याला कोण शिकवणार, ही घमेंड त्याला होतीच.

वर्ग घेणाऱ्या अफ्रीन मॅडमनी काम दिलं. स्वतःची छापून आलेली एक जुनी बातमी निवडा. त्या वेळी तिथं हजर असलेल्या माणसाशी बोला, ते रेकॉर्ड करा, त्यातून दहा मिनिटांचा पॉडकास्ट बनवा आणि बातमी नव्यानं लिहा. वाल्मिकनं पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कात्रण काढलं. सहा वर्षांपूर्वीची, बायकोच्या निधनाची बातमी. त्यानंच लिहिलेली. पेपरवाल्यांनी तिच्यातला एक शब्दही बदलला नव्हता, याचं त्याला भारी कौतुक.

मॅडमनी ती मोठ्यानं वाचली. "काष्टी येथील पुष्पावती वाल्मिक टकले यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती व एक मुलगी असा परिवार आहे." मग त्यांनी विचारलं, "काका, अल्पशा म्हणजे किती दिवस?"

वाल्मिक हसला. "मॅडम, तसं लिहायची पद्धतच हाय."

"हो, पण किती दिवस?"

"दोन वर्षं. अंथरुणावर हुती."

वाल्मिकनं कात्रण परत घेतलं. त्याला लाज वाटली, आणि ती एसटीत बसल्यावर वाढतच गेली. त्या दोन वर्षांत तिथं हजर होती ती मुलगी, संस्कृती. आईचं करायला तिनं कॉलेज सोडलं होतं. आता ती कोपरगावला सासरी. फोन दिवाळीला येतो, दोन मिनिटांचा. सासर मोठं, पोरीला वेळ नसेल, अशी वाल्मिकनं सहा वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

दोन दिवसांनी दुपारी त्यानं वहीत प्रश्न लिहिले आणि फोन लावला. "संस्कृती, आईच्या आजारपणाची माहिती पाहिजे. कोर्ससाठी. रेकॉर्ड करतोय बरं का."

"करा," ती म्हणाली.

दुखणं कधी सुरू झालं? कुणी ओळखलं? दवाखाना कुठला? ती नीट, तारखेसकट सांगत गेली. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय लावायचं, पेज किती पातळ लागायची. वाल्मिक भराभर लिहीत होता. यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. तेव्हा तो मयतीला, दशक्रियेला, लोकांच्या दारात वही घेऊन उभा असायचा. घरी आला की सगळं आवरलेलं असायचं.

"अण्णा," ती मध्येच थांबली. "तुमी पेपरात अल्पशा आजार लिहिलं. मी ते वाचलं तवा वाटलं, दोन वर्षं मी काय केलं मग? कुनाला दिसलंच न्हाई."

"चुकलं माझं," वाल्मिक म्हणाला. "हाताला सवयच तशी."

"आन् आता कोर्ससाठी इचारताय."

त्याला खोटं बोलवेना. "व्हय. कोर्ससाठीच लावला हुता फोन."

"मग बंद करा ते रेकॉर्डिंग. आन् मग इचारा, काय इचारायचं ते."

वाल्मिकनं रेकॉर्डिंग बंद केलं. चार मिनिटंच झाली होती, दहा भरणार नव्हती. त्यानं वही मिटली, आणि वहीशिवाय त्याला काही सुचेना. हजार घरी जाऊन कोण गेलं, कधी गेलं, हे विचारलेला माणूस, पण मागं राहिलेल्याला काय विचारायचं हे कळायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"त्या दोन वर्षांत," शेवटी तो म्हणाला, "तू जेवायचीस कधी, बाळा?"

पलीकडे संस्कृती रडू लागली, तोंड दाबून न ठेवता, आणि वाल्मिक फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिला.