झाकण लावल्यावर काय करायचं

भरे गावातल्या आमच्या घरी पाहुणे आले की माझ्या लॅपटॉपचं झाकण लागायचं. मी नाही लावायचे, थोरले काका लावायचे. उघडं पातेलं झाकावं तसं, माझ्याकडे न बघता.

"माणसं आल्यात. मिटव तो डबा आन् चहाचं बघ."

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात कमी बोलते, कारण माझ्या मराठीला सगळे हसतात. म्हणून मुकाट्याने चहा ठेवायचे. झाकण लागलं की लॅपटॉप झोपायचा आणि माझी मीटिंग तुटायची.

माझं काम लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या बटणांचं. आवाज वाढवणारी, उजेड कमी करणारी, माइक बंद करणारी बटणं नव्या सिस्टीमवर चालतात का, ते तपासायचं. बटण दाबलं की आतून एक आकडा निघतो. सिस्टीमला तो ओळखीचा असेल तर उजेड कमी होतो. नसेल तर 'अनोळखी बटण' एवढी नोंद होते आणि पुढे काही घडत नाही. मग त्या आकड्याचा अर्थ मी तिला लिहून द्यायचा.

"दिसभर बटणं दाबती आन् पगार घेती," काका पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे.

शेवटी आमच्या टीमच्या प्रमुखाने सांगितलं, "आता पुन्हा मधेच गायब झालीस तर घरून काम बंद. रोज ऑफिसला यायचं." ऑफिस हिंजवडीला. आणि रोज तिकडे जायचं असेल तर नोकरी सोड, हे घरात आधीच ठरलेलं.

मी काकांना एकदा विनवलं. "काका, मीटिंग चालू असताना झाकण नका ना लावू."

"लई काम! पळून चाललंय व्हय?"

पुन्हा विनवलं नाही.

झाकणात एक छोटं लोहचुंबक असतं. ते खाली टेकलं की आतल्या सिस्टीमला फक्त बातमी जाते, झाकण लागलं म्हणून. झोपायचं की नाही, हे झाकण ठरवत नाही. ते सेटिंगमधली एक ओळ ठरवते. ती ज्याने कोणी लिहिली, त्याने काम करणारा माणूस आणि झाकण लावणारा माणूस एकच असतो असं धरलं होतं. आमचं घर त्याने पाहिलं नव्हतं.

त्या ओळीत मी लिहिलं, दुर्लक्ष कर.

पुढच्याच आठवड्यात मुळशीकडचे पाहुणे आले, नवरा-बायको. मी कानात हेडफोन घालून नेमकी माझ्या बटणांचा अहवाल सांगत होते. काकांनी येता येता झाकण लावलं. मी उठले नाही. बोलत राहिले.

"अगं, कुणाशी बोलतीयास? डबा मिटलाय," असं म्हणत काकूंनी हेडफोनची वायर ओढली. वायर निघाली, हीसुद्धा सिस्टीमला बातमीच. सिस्टीमने आवाज स्पीकरवर सोडला आणि मिटलेल्या लॅपटॉपमधून प्रमुख बोलला, "आहेस ना? पुढचं सांग."

"आहे, सर. घरच्यांनी झाकण लावलंय. काम चालू आहे. पुढचं बटण माइकचं." त्या खोलीत माझा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. मीही नाही.

काकांनी झाकण पुन्हा दाबून पाहिलं. "मिटलंय न्हवं मी?"

"मिटलंय, काका. पण तुमचं ऐकायचं नाही, असं मी त्याला सांगितलंय."

पाहुणीने तोंडाला पदर लावला. "आवं, आता चहा तुमीच टाका," ती काकांना म्हणाली. काका हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, मी झाकण उघडून यादीतलं शेवटचं बटण सांगेपर्यंत.

घरून काम बंद झालं नाही. चहा त्या दिवशी काकूंनी केला, माझा कप सोडून. मीटिंग संपल्यावर मी माझा वेगळा करून घेतला, आणि तो त्याच खोलीत, पाहुण्यांसमोर बसून प्यायले.

ती ओळ अजून तशीच आहे.