यमाच्या दिशेचं दार

मी अमरावतीहून बी.ए. होऊन आलो, त्याच सुमारास अकोल्याकडच्या आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवा बाळंतविभाग उभा राहिला. आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी, आणि दवाखान्यात बाळंत होणारी पहिली बाई माझी धाकटी बहीण. मोहल्ल्यात दोघांचाही रुबाब सारखाच.

इमारत आखणारा शहाणा असावा. बाळंतपणाच्या खोलीला त्याने दक्षिणेकडे रुंद दार ठेवलं होतं. उघडलं की समोरच ऑपरेशनची खोली. पण देणगीदार शेठजींच्या जोशीबुवांना उद्घाटनाआधी आठवलं, दक्षिण ही यमाची दिशा! झालं. दारावर फळ्या ठोकल्या, पुढे चादरींचं कपाट उभं केलं. यमाचा पक्का बंदोबस्त. अडलेल्या बाईला मात्र अख्खा वॉर्ड, पायऱ्या आणि आवारातला चिखल ओलांडून, इमारतीला वळसा घालून न्यायचं.

बहिणीचं मूल आडवं आलं. "रक्त फार जातंय, लगेच ऑपरेशन," असं सांगून डॉक्टरीणबाई तयारीला धावल्या. वॉर्डबॉय स्ट्रेचर उचलून उलट्या बाजूला निघाले. कपाटाच्या वर दाराची चौकट डोकावत होती. ती आईने हेरली.

"इकून काहून नाई नेत?"

"यमाची दिशा हाये, मावशी. बंद केलं ते," मेट्रन म्हणाली.

"मंग पोरीले गावभर फिरवता? यम का येडा-बयताड हाये? मोठ्या दारातून येईन ना थो!"

"शेठजी रागावतीन."

"त्याईलेच झोपव मंग ह्या स्ट्रेचरवर."

छप्पन सालीच आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून यमाचा पाहुणचार आमच्या घरी बंदच होता. मी नि जावईबापूंनी कपाट ढकललं. बागकामाची सब्बल आणून फळ्या उचकटल्या. सोबत अर्धी चौकटही आली. मेट्रनने पोलिसांचं नाव काढलं तेव्हा मी तिच्याशी पुस्तकी मराठीत बोललो. ती वाटेतून बाजूला झाली. पदवी काय कामाची, असं विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

भाची झाली. "वळसा घेतला असता तर आई हाती लागली नसती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मायलेकी यमाच्या दिशेला जाऊन त्याच वाटेने परत आल्या.

शेठजींनी जोशीबुवांकडून यमाची शांत करून घेतली. दार पुन्हा ठोकायचा हुकूम निघाला. पण ठोकायला चौकट हवी, चौकटीला मंजुरी हवी, मंजुरीला साहेब जाग्यावर हवेत. तोवर पडदा लावून अडलेल्या बाया तिथूनच जाऊ लागल्या. दरसाल मी चौकशी करायचो. फाइल वर गेलेली असायची.

आई हात जोडायची. "झोपू दे रे बाप्पा त्या फाइलीले. कोनी उठवू नका."