अकराचं ऊन

थकवा म्हणजे नक्की काय होतं, हे अंबिकाताईंना कधी धड सांगता आलं नाही. "अंगात जीवच नाही गं," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा कामाला जुंपून घ्यायच्या. उज्जैनमधल्या भैरवगढच्या बाटिकच्या कारखान्यात गरम मेणाने कापडावर वेलबुट्टी काढता काढता त्यांची पन्नाशी उलटली होती. मेणाचं आणि उन्हाचं हाडवैर. ऊन लागलं की मेण ओघळतं आणि नक्षीचा सत्यानाश होतो, म्हणून खोलीच्या खिडक्यांना कायमची गोणपाटं. उज्जैनचं ऊन माणूस भाजून काढतं म्हणतात. ताईंच्या वाट्याला ते कारखान्याच्या दारापासून ऑटोपर्यंत यायचं, तेही डोक्यावरून पदर आणि हातांत मोजे अशा कडेकोट बंदोबस्तात.

घरात त्या आणि भाची निहारिका, दोघीच. निहारिका त्यांच्या माधवदादाची मुलगी. तिची आई लहानपणीच गेली. मग एका सकाळी चहा ओतता ओतता दादा छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. नंतर त्याच्या कपाटात औषधांची न फोडलेली पाकिटं निघाली. 'मला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्यांपैकी होता तो. आता पोरीला पुण्यात नोकरी लागली होती, आणि तिने जावं म्हणून ताईंचा जीव टांगणीला लागला होता. आत्याला काही झालंय असं कळतं तर पोर जागची हलली नसती.

ताई काही बोलल्या नाहीत, पण जिना चढताना गुडघ्यांनी चहाडी केलीच. निहारिकाने त्यांना धरून रक्त तपासायला नेलं. ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं आणि रक्तातली चरबी वर चढलेली.

"उन्हात बसता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! रोज सकाळी रामघाटावर सूर्याला अर्घ्य देते."

डॉक्टरीणबाई हसल्या. "उगवतीचं ऊन देवाला पुरतं हो, हाडांना नाही. तुम्हाला अकराच्या सुमाराचं हवं, आणि बाह्या वर करून. ड कमी आणि चरबी जास्त, ही जोडी बरेचदा सापडते. पण एक सुधारलं की दुसरं आपसूक सुधारेल, या भरवशावर राहू नका. औषध दोन्हींचं घ्यायचं."

ताईंनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. जोडी आहे ना, मग एकीला औषध दिलं की दुसरी येईल मागोमाग! शिवाय रोजची गोळी मागे लागली की माणूस कायमचा आजारी ठरतो, आणि आजारी आत्याला टाकून कोण पुण्याला जातं? ड ची आठवड्याची पुडी त्या दुधातून भक्तिभावाने घ्यायच्या. चरबीची गोळी मात्र पाकिटातून निघायची आणि पोह्यांच्या डब्यात तळाशी जायची. अकराच्या उन्हाचं तर नावच नको, तेव्हा चुलीवर मेण चढलेलं असायचं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. ड वर आलं होतं, चरबी जिथल्या तिथे. निहारिका बुचकळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी पोहे भिजवायला डबा उपडा केला, तर चाळणीत पांढऱ्या गोळ्या टपटपल्या.

ती चाळणी मांडीवर घेऊन ओट्यापाशी खाली बसली.

"बाबांसारखंच?" ती म्हणाली. "मी नाही जात पुण्याला. कॅन्सल."

अंबिकाताई तिच्याशेजारी कशाबशा टेकल्या. फार थकल्या होत्या, आणि आता ते लपवण्याचाही कंटाळा आला होता. "तू जावंस म्हणूनच केलं गं सगळं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. आजपासून गोळी घेते, नक्की घेते. तू जा. आणि अकराला फोन करत जा, मी उन्हात बसलेली दिसेन."

निहारिका पुण्याला गेली. ताईंनी शब्द पाळला. अकरा वाजले की कारखान्याच्या अंगणात खाटेवर बसायच्या, बाह्या कोपरापर्यंत वर सारून. डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायलाही त्यांना पहिले चार दिवस धीर झाला नव्हता.

"दीदी, मोम ठंडा हो रहा है," आतून मालक गोपाळसेठ हाकारायचे.

"होने दो सेठजी, फिर गरम कर लेंगे."

एके दिवशी व्हिडिओ कॉलवर निहारिकाचा चेहरा ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली पिठासारखा पांढरा दिसला.

"बस, आत्या, अशीच बस. गोळी?"

"घेतली रात्री. तू कधी पोचलीस ऑफिसात?"

"आठला. रात्री निघायलाही आठच वाजतात."

"मग ऊन कधी लागतं तुला?"

निहारिकाने मान वळवून मागे पाहिलं. "मोठ्ठ्या खिडक्या आहेत की. पण पडदे ओढून ठेवतात सगळे. ऊन आलं की स्क्रीनवर काही दिसत नाही."

ताईंनी समोरच्या गोणपाटाच्या खिडकीकडे पाहिलं.

"जिना उतरून खाली उन्हात ये," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस, मी थांबते."