सातव्या घरातला मंगळ

शुभदाताईंकडे कुणी टॅरो कार्ड बघायला आलं की कार्ड पालथं ठेवून त्या आधी विचारायच्या, "हे तुझ्या मनाविरुद्ध निघालं तर काय करशील?" समोरची बाई काहीतरी उत्तर द्यायची. "मग तेच कर," असं म्हणून त्या कार्ड उलटायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, बाई पक्की आहे. गिऱ्हाइकाकडूनच उत्तर काढून घेते आणि नाव कार्डांचं.

चंदनसारच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. त्यांचा नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी मृणाल. कार्डांबरोबर ताई पत्रिकाही बघायच्या. माझा ना यावर विश्वास, ना त्यावर, आणि त्यांच्यावर तर मुळीच नाही. लिफ्टपाशी त्या कुणाकुणाशी काय काय बोलतात याकडे माझं बारीक लक्ष असायचं. माहिती तिथेच गोळा होते, अशी माझी खात्री होती.

एकदा अर्नाळ्याची एक मासेवाली आली होती. "ताई, पोरगा पान्यात जायला नको म्हनतो. काय करू?" शुभदाताई म्हणाल्या, "बाय, कार्डं काय जाळं टाकणार आहेत? त्याला काय करायचंय ते विचारलंस का?" मला वाटलं, छान, मोठेपणा घ्यायची ही नवी रीत.

मग मीच त्यांना खोटा प्रश्न घातला. म्हटलं, "पुण्याला कायमचं जावं म्हणतोय आम्ही, बघा जरा." तसा आमचा काही विचार नव्हता. त्यांनी कार्डांना हातही लावला नाही. "सुधाताई, जायचं नाहीये तुम्हाला. मी कशी फसवते ते बघायचंय ना? बसा, सावकाश बघा." मी ओशाळले, पण संशय काही गेला नाही. आमच्या ह्यांनीच कुठेतरी तोंड उघडलं असणार, असं मी ठरवून टाकलं.

आमच्या सत्यनारायणाला माझा माणिकपूरचा भाचा नीलेश आला होता. तिथे त्याची आणि मृणालची ओळख झाली आणि दोघांचं जमलं. माझी भावजय म्हणाली, "मुलगी पसंत आहे. तेवढी पत्रिका आणा." मृणालला सातव्या घरात मंगळ आहे, नवऱ्याच्या जिवाला वाईट मानतात तो, हे तिनेच मला कधीतरी हसत सांगितलं होतं. आता यात अवघड असं काही नसतं. जन्मवेळ थोडी पुढे सरकवली की मंगळ सहाव्या घरात जातो आणि सगळे सुटतात. कितीतरी मुलींचे आईबाप हे करतात. गुरुजीच विचारतात, "वेळ नक्की हीच ना?" आणि उत्तराची वाट बघत थांबतात.

मी मनात म्हटलं, जगाला खरं वागायला सांगणाऱ्या बाईची आता परीक्षा आहे. आणि खरं सांगायचं तर त्या नापास व्हाव्यात, असंच मला वाटत होतं, कारण मृणाल मला भाचेसून म्हणून हवी होती. मी सुचवूनही बघितलं, "दवाखान्यातल्या घड्याळांचा काय भरवसा?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पत्रिका ठेवली. मंगळ सातव्या घरात, होता तिथेच.

भावजयीने ती परत पाठवली. नीलेशने आईपुढे चकार शब्द काढला नाही. मृणाल माझ्यासमोरच ताईंना म्हणाली, "सगळ्यांना सांगतेस, मनाचं ऐका. माझं मन तुला माहीत होतं, आई. तुला तुझा खरेपणा मिरवायचा होता." तिने नाशिकला नोकरी धरली आणि गेली.

मलाही ते मिरवणंच वाटलं होतं. ती गेल्यावर मी रागानेच समोरचं दार वाजवलं.

"एवढा विश्वास आहे तुमचा मंगळावर?"

"काडीचा नाही," ताई म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी ओटा पुसायला घेतला. "मलाही मंगळ होता. माझ्या लग्नात वडिलांनी वेळ सरकवली होती. ह्यांना माहीत नव्हतं, सासूबाईंना माहीत नव्हतं. माझा विश्वासच नव्हता, त्यामुळे मलाही त्याचं काही वाटलं नाही. पण हे गेले तेव्हा डॉक्टर हार्टचं काय काय सांगत होते आणि माझ्या डोक्यात एकच, ती वेळ. सासूबाई माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना."

मी म्हटलं, "हे मृणालला सांगा. तिचा राग जाईल."

"राग जाईल. पण बाबा कशाने गेले, असं तिच्या मनात येईल. माझ्या आलंच ना? त्यापेक्षा रागावलेली बरी."

मृणाल अजूनही मला फोन करते, आईला नाही. परवा म्हणाली, "मावशी, आई इतकी हट्टी का गं?" सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा आहे, बाळा."