पदराच्या गाठीतलं ढेकूळ

मेटबाईच्या पदराच्या टोकाला एक गाठ असायची. बायकांच्या गाठीत चिल्लर असते, सुपारीचं खांड असतं. हिच्या गाठीत मातीचं वाळलेलं ढेकूळ होतं, लिंबाएवढं. आंघोळीनंतर लुगडं बदललं की आधी ते नव्या पदरात बांधायची, मग कुंकू लावायची. कोणी विचारलं, "मेटबाई, हे देवाचं हाये का वो?" तर म्हणायची, "देवाचं नाई. एका मानसाले परत द्याचं हाये."

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहायचा होता. जिकडे पाहावं तिकडे मुरूम आणि खड्डे, आणि खड्ड्यांत माणसं. मेटबाई खोदकामाच्या एका टोळीची मुख्य होती, म्हणून मेट. बाई मेट झालेली मी दुसरी पाहिली नाही. मी सोळा वर्षांची होते. तिच्याच झोपडीत राहायचे, टोपल्या वाहायचे आणि कोणाशी बोलायचे नाही. ती माझी नात्याने कोणी नव्हती, पण मी तिला मावशी म्हणायचे. आम्ही भंडाऱ्याकडच्या एकाच गावच्या.

त्या ढेकळाची गोष्ट अशी. पाऊस गेला त्या वर्षी गावात कोणाच्याच हाताला काम उरलं नाही. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने गेली होती, पण माणूस होता तसाच होता आणि आम्हीही त्याला मालगुजारच म्हणत होतो. त्याच्या शेतांच्या वर त्याची बोडी होती, म्हणजे बांध घातलेलं लहान तळं. ती गाळाने भरून थाळीसारखी उथळ झाली होती. मेटबाई बारा बायका घेऊन त्याच्या अंगणात गेली. उन्हात हात जोडून उभी राहिली. म्हणाली, "मालक, बोडी कोरडी पडली हाये. आताच गाळ काढून घ्या जी. आमाले काम भेटन, तुमाले पुढच्या साली पानी भेटन." तो सुपारी कातरत म्हणाला, "वाईट सालात हात आखडाचा असते, खोलाचा नसते." ती हटली नाही. तेव्हा तो हसून म्हणाला, "भूक लागली असन तर बोडीतली माती खा."

ती तिथून सरळ बोडीत गेली आणि ते ढेकूळ उचललं.

त्या बारा बायकांत माझी आई होती. आई त्याच वर्षी माघात गेली. रोग काय होता ते कोणी विचारलं नाही. भुकेला कोणी रोग म्हणत नाही. मेटबाईचा नवरा काम शोधायला खाणीवर गेला तो परतला नाही. मग ती माझा हात धरून दुर्गला उतरली, आणि तिथून भिलाईला.

संध्याकाळी बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खाताना ती बोटं दुमडत एकच हिशेब सांगायची. तो हिशेब मला परवच्यासारखा पाठ झाला होता. "त्यानं बोडी नाई खंदली, म्हनून आमाले मजुरी नाई. आमाले मजुरी नाई, म्हनून कोष्ट्याचं लुगडं कोनी घेतलं नाई. कोष्ट्यानं माग इकला, मंग तेल्याचं तेल कोन घेईन? तेल्यानं बैल इकले. आन् शेवटी मालगुजाराच्या म्हशीचं दूध नालीत गेलं, घेनारंच कोनी नोयतं! एका मानसानं मूठ आवळली, साऱ्या गावाचा गळा आवळला." शेवटचं वाक्य म्हणताना ती खरोखर मूठ आवळायची. जेवत असलो तरी.

कामावर एक ओव्हरसियर होते, नागपूरचे, बोलके. त्यांना तिची चेष्टा करायला आवडे. एकदा म्हणाले, "मेटबाई, खड्डे खणून कुठे देश श्रीमंत होतो का? सरकार पैसा ओततंय, तुमच्या हातात मजुरी येतेय. उद्या दुर्गच्या बाजारात तांदूळ महाग होईल, एवढंच."

"होईन जी महाग," ती म्हणाली. "पन त्या साली आमच्या बाजारात तांदूळ सस्ता होता, तुमाले ठाऊक हाये का? पोती भरून होता. घेनाऱ्याच्या हातात काई नोयतं."

ओव्हरसियर म्हणाले, "मग काय, सरकारने नुसते खड्डे खणत राहायचं?"

"खड्डा कोनता खंदता ते पाहा ना साहेब. पानी धरनारा खंदा, भट्टीचा पाया धरनारा खंदा. कबरी खंदा म्हनलं का मी?"

तांदूळ पुढे महाग झालाच, ते ओव्हरसियरांचं खरं ठरलं. मेटबाईने ते मान्य केलं नाही; फक्त त्या आठवड्यात तिने भात कमी खाल्ला आणि मला जास्त वाढला.

मी चौथी शिकलेली. टोळीत लिहिता येणारी मी एकटीच, आणि मेटबाईने त्या चौथीची कुऱ्हाड केली. मृग लागायच्या आधी ती पोस्टकार्डं आणायची. "लिव माय," म्हणायची आणि माझ्यासमोर उकिडवी बसायची. एका घराला एक कार्ड. मजकूर दर वेळी तोच: इथं काम आहे, रोजचं आहे, लेकराबाळांना घेऊन या. आणि शेवटी ती एक ओळ मुद्दाम घालायला लावायची: चोरून निघू नका. दिवसाढवळ्या मालगुजाराच्या दारावरून जा. त्याला दिसलं पाहिजे.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर कार्ड पोचेल असा तिचा नेम असे. धानाच्या रोवणीला बायकांचे हात लागतात, आणि हात तर आमच्याकडे येत होते. पहिल्या वर्षी चार घरं आली. दुसऱ्या वर्षी पॅसेंजर गाडीतून अर्धा मोहल्ला उतरला. उतरलेल्या प्रत्येकाला ती पाणी द्यायच्या आधी विचारायची, "त्यानं पाह्यलं का?"

"पाह्यलं ना वो. दारात उभा होता."

"काई बोलला?"

"नाई."

"बोलन," ती म्हणायची, आणि तिचा हात पदराच्या गाठीकडे जायचा. कार्ड लिहिताना माझं अक्षर इतर कुठल्याही वेळेपेक्षा चांगलं यायचं.

आता खोदकामातली एक रीत सांगते, कारण पुढे तिचं काम आहे. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडतात. त्याच्या डोक्यावर मूळ जमिनीचं गवत राहिलं पाहिजे. त्यावरून किती खोल खणलं ते मोजतात. त्याला साक्षी म्हणायचं. लबाड टोळ्या साक्षीवर दोन टोपल्या माती थापायच्या, म्हणजे खड्डा खोल दिसतो. मेटबाईच्या टोळीत हे चालत नसे. मोजणी झाली की साक्षी तोडून टाकायची.

आमच्या टोळीत तिथल्याच खेड्यातली एक छत्तीसगढी बाई आली. कारखान्यासाठी तिची जमीन गेली होती. एके दिवशी ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि म्हणाली, "दीदी, तोर गोदी मोर खेत म खनावत हे." आमचा खड्डा तिच्या शेतात होता. मोजणी झाल्यावर टोळीतली माणसं साक्षी तोडायला निघाली तेव्हा ती बाई खांबाला मिठी मारून रडली. तिच्या शेताचं तेवढंच गवत उरलं होतं. तरी तोडली. त्या रात्री मेटबाईने बोटं दुमडून हिशेब सांगितला नाही. आणि माझ्या डोक्यात तो खांब राहून गेला.

तिसऱ्या वर्षी वैशाखात मालगुजार आला. दुर्गला उतरून, विचारत विचारत, छत्री घेऊन आमच्या झोपडीपर्यंत. मी कुडाच्या आड गेले. गावी त्याच्या ओसरीच्या खाली आम्हाला मातीत बसावं लागे. इथे तो आमच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला.

"पाय धुवा मालक. जेवाले वाढतो."

"जेवन नको बाई. कामानं आलो."

"बाई झाली का मी आता?" मेटबाई म्हणाली. "कामानं तर मी बी आली होती तुमच्या घरी. जेवाच लागन."

तिने पत्रावळीवर भात वाढला, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. सगळं नीट, पाहुण्याला वाढावं तसं. मग पदराची गाठ सोडली आणि जिथे मीठ वाढतात तिथे ते ढेकूळ ठेवलं.

त्याने ओळखलं. हात भाताजवळ नेला होता तो तसाच अधांतरी राहिला.

"दोन सालं झाले," तो पत्रावळीकडे पाहत म्हणाला, "अर्धं शेत पडीत हाये. रोवाले बाया नाई. म्हनतेत, तू सांगशीन तरच येऊ. धा घरं तरी वापस धाड."

"असं नाई मालक. मी मांगलं होतं तसं मांगा."

तो उठला. छत्री खाली ठेवली. हात जोडले आणि उभा राहिला. बाहेर ऊन होतं, आत पत्र्याची धग होती. मेटबाई बसून पाहत होती. ह्या एका दृश्यासाठी ती तीन वर्षं माती उपसत होती, आणि मीही. मला वाटलं, असाच उभा राहू दे, संध्याकाळपर्यंत.

पण त्याचे हात थरथरायला लागले. म्हाताऱ्याचे हात. मेटबाईचा चेहरा उतरत गेलेला मला कुडाच्या फटीतून दिसला.

"बसा जी मालक," ती म्हणाली. "मानसं धाडतो मी. पन पावसाच्या आधी बोडीचं काम काढा. इथं भेटते तीच मजुरी द्याची."

"देईन."

"मंग झालं," म्हणून तिने पत्रावळीवरचं ढेकूळ उचलायला हात पुढे केला.

"नाई झालं."

हे मी बोलले. कुडाच्या बाहेर कधी आले ते मला कळलं नाही. मी म्हणाले, "बोडीच्या मधात साक्षी ठेवाची, भोवती गोटे रचून. काम झालं तरी तोडाची नाई. कितीबी सालं जावो, तोडाची नाई."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ही कोन पोरगी?"

"तुमचं गाव रिकामं करनारी," मेटबाई म्हणाली. "चिठ्ठ्या हीच लिवते."

"पन खांब कायले?"

"तवा किती खंदाले पाह्यजे होतं, ते दिसाले," मी म्हणाले. "माही आई त्या बारा बायांत होती."

मेटबाई मोठ्याने हसली. तिला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. "आता जेवा," ती त्याला म्हणाली, "नाईतर ही पोरगी अजून काई मांगन." तो जेवला. मुकाट्याने, मान खाली घालून, भाताचं शीतही न ठेवता. मग तिने ते ढेकूळ उचललं आणि माझ्या पदरात बांधलं.

बोडी खणली गेली. मोजमाप करायला मेटबाई स्वतः जाऊन आली. पावसात बोडी भरली, आणि धान सगळ्यांत जास्त त्यालाच झालं, कारण बोडीखालची पहिली जमीन त्याची. कोणी म्हणालं, हा कसला सूड, त्याचीच कोठी भरली. मला ह्याचंच समाधान होतं. पिकाने हसणारी जमीन आणि त्यामागे उन्हाळ्यात पाण्यातून वर येणारा खांब, दोन्ही त्याला सकाळी दारातून दिसत. एवढं ज्या मातीतून त्याला मिळणार होतं, ती त्याने बारा बायकांना खायला सांगितली होती. त्याने दारातली बसायची जागा बदलली, असं मी ऐकलं. मरेपर्यंत तो बोडीकडे पाठ करून बसला.

कारखान्याच्या चिमण्यांतून धूर निघायला लागला तशी आमची खोदाई संपत आली. टोळ्यांना काम नाही असं सांगण्यात आलं, आणि नेमकं ते वर्षही पावसाचं वाईट होतं. मेटबाई म्हणाली, "घ्या! सरकार बी मालगुजार निघालं. हात आखडाचा टाइम हाच भेटला का?" माझं लग्न झालं होतं, नवऱ्याला आत कायम नोकरी लागली होती. मी म्हटलं, मावशी, क्वार्टरात राहा. ती म्हणाली, "सपाट जमिनीवर मी काय करू वो?" आणि टोळी घेऊन कुठल्याशा धरणाच्या कामावर गेली. दुर्ग स्टेशनवर मी सोडायला गेले होते. बोलता बोलता तिचा हात पुन्हा पुन्हा पदराच्या टोकाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. मी माझ्या पदराची गाठ सोडायला लागले तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे. तुह्यापाशी चांगली टिकन."

तिचं पत्र कधी आलं नाही. तिला लिहिता येत नव्हतं, आणि लिहिणारी मी इथे राहिले होते.

ह्या वर्षी पुन्हा पाऊस गेला आहे. मागच्या आठवड्यात मालगुजाराच्या मुलाचं कार्ड आलं. त्याने लिहिलं आहे की गावात कोणाला काम नाही, म्हणून कोणी मागायच्या आधीच बोडीचा गाळ काढायला सुरुवात केली आहे, माणसं खूश आहेत. वडील जाऊन आता बरेच दिवस झाले, तर मधला तो जुना खांब काढून टाकावा का, आपली हरकत नसावी.

मी तीन दिवस कार्ड उशाशी ठेवलं. मुलगा वाईट नाही. बापाला जे मागूनही कळलं नाही ते ह्याला न मागता कळलं. रोज तो खांब समोर होता म्हणून कळलं, तेही मला ठाऊक आहे. आई आठवली, मेटबाईची मूठ आठवली. मग दौत काढली आणि चांगल्या अक्षरात दोनच ओळी लिहिल्या.

काम काढलंत, चांगलं केलंत. खांबाला हात लावू नये.