डाव्या बाजूचं पाह्यजो

मावशी गेल्याचं मला रेखानं कळवलं. सकाळचे साडेआठ झाले असतील. बुलढाण्याच्या आमच्या घरात मी चहा गाळत होते. फोनवर ती म्हणाली, “समताताई, आपल्या बाई गेल्या वो…” खरं लिहायचं तर रडू नंतर आलं, आधी तो ‘आपल्या’ टोचला. माझ्या आईची सख्खी थोरली बहीण, आणि तिच्या मरणाची बातमी जानेफळातल्या शेजारघरची सून मला देणार, वर तिला आपली म्हणणार! मी विचारलं, कधी, कसं? पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून मावशीनं भिंतीवर थाप मारून रेखाला उठवलं होतं. रेखानं मावशीचीच गाडी काढली, मावशीला शेजारी बसवलं आणि मेहकरच्या दवाखान्याचा रस्ता धरला. दवाखाना यायच्या आतच सगळं संपलं. “शेवटी काही बोलली का?” मी विचारलं. विचारताना माझं नाव ऐकू येईल अशी आशा होती, हे आता कबूल करते. रेखा म्हणाली, “बोलल्या ना. गिअर टाकला तं धक्का बसला. म्हणल्या, ‘रेखा, डाव्या बाजूचं पाह्यजो.’ मंग डोये मिटले त्याहीनं.”

तिचं शेवटचं वाक्य एका गाडीबद्दल होतं, आणि ते रेखाच्या वाट्याला गेलं. याला आता सव्वा महिना झाला. मावशीवर लिहायला बसले की पहिलं तेच वाक्य समोर येतं, म्हणून सुरुवातही त्याच्यापासूनच केली.

निर्मलामावशी जानेफळच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवत होती. लग्न केलं नाही. गावात तिला सगळे ‘बाई’ म्हणत. तिच्या हाताखालून गेलेली माणसं आजोबा व्हायला आली होती, तरी रस्त्यात ती दिसली की हातातली गुटख्याची पुडी मागं लपवत. निवृत्त झाल्यावर तिनं एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि महिन्याभरात चालवायला शिकली. पुढं गावातला मिस्त्री सारखा “उद्या या” म्हणायला लागला, तेव्हा ती दुरुस्तीही शिकली. “मुलायले नापास कराची सवय हाय मले,” ती म्हणायची, “त्या मिस्त्र्याले बी केलं.” तिच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी एक लोखंडी पेटी होती, पान्यांची. शाळेच्या मोडक्या बाकाचा, वीतभर लांबीचा एक जाड ठोकळा त्या पेटीवर ठेवलेला असे. जॅक लावताना लोखंडावर लोखंड येऊ नये म्हणून मध्ये तो घालायचा. बाकावर कुण्या पोरानं कर्कटकानं कोरलेला अर्धा ‘ग’ त्यावर शिल्लक होता. गणेश की गजानन, ते मावशीलाही आठवत नव्हतं.

मी मात्र वेगळ्या घरात वाढले. माझे बाबा कचेरीत कारकून, आणि कचेरी सुटली की पत्रकं लिहीत. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, वाचनालय बंद पाडणाऱ्यांविरुद्ध. आमच्या घरात पाहुणा आला तर बसायच्या आधी त्याला खुर्चीवरचा गठ्ठा उचलावा लागे. अक्षरं मी त्या गठ्ठ्यांवरच शिकले. चौदाव्या वर्षी पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा बाबांनी मला मिठी मारली आणि मावशीनं पेन्सिल मागितली. पंधरा ओळींमधली अकरा उद्गारचिन्हं तिनं खोडली. “समे, प्रत्येक वाक्य ओरडून राह्यलं,” ती म्हणाली. “ऐकणाऱ्यानं कोणतं आधी ऐकावं?” मी रडले. पण त्या दिवसापासून जे लिहिलं ते तिच्यासाठी लिहिलं. मिठी मारणारे खूप भेटतात. पेन्सिल घेऊन बसणारी ती एकटीच होती, आणि ती फक्त माझी आहे असं मी धरून चालले होते.

रेखा आली ती चार वर्षांपूर्वी. सुलतानपूरची मुलगी, दहावी झालेली, शेजारच्या शेतकरी घरात सून म्हणून आली. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळं मावशीनं बॉनेट उघडलं की ही भिंतीवरून डोकवायची. सासूनं एकदा हटकलं, तर सासऱ्यांनीच सांगितलं, “बाईजवळ हाय ना? मंग राहू दे.” मला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं होतं. अशाच बायकांसाठी आपण लिहितो, असं मी मावशीला म्हणालेही. मावशी नुसती हसली.

त्याच उन्हाळ्यात गाडी थरथरायला लागली. इंजिन सांगाड्यावर थेट बसवलेलं नसतं. लोखंड आणि रबर यांच्या तीन जाड गाद्यांवर ते टेकलेलं असतं. मिस्त्री त्यांना फाउंडेशन म्हणतात. रबर फाटलं की इंजिनाचा धक्का थेट बसणाऱ्याच्या अंगात येतो. कुठलं फाटलंय ते शोधायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक घट्ट दाबायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच जरासा सोडायचा. गाडी हलत नाही, पण इंजिन उसळतं. बाहेर उभ्या असलेल्यानं ते कुठल्या बाजूनं जास्त उचललं जातं ते पाहायचं. म्हणजे आतल्याच्या पायावर बाहेरच्याचे हात अवलंबून. मावशीनं मला आत बसवलं. रेखा भिंतीपलीकडं उभी होती, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला!

त्या दिवसांत मी ‘चाक आपल्या हाती’ नावाचं पत्रक लिहीत होते. बाईनं गाडी चालवली पाहिजे, दुरुस्त केली पाहिजे, वगैरे. बसल्या बसल्या मी त्यातला एक परिच्छेद मावशीला म्हणून दाखवायला लागले. “आधी पाय पाह्य,” ती म्हणाली. मी म्हटलं, हो हो, आणि पुढं म्हणतच राहिले. ‘शतकानुशतकं’ या शब्दाशी आले तेव्हा माझा पाय ब्रेकवरून उचलला गेला. गाडीनं उडी घेतली आणि धुण्याच्या दगडावर जाऊन आदळली. मावशी सवयीनं बाजूला उभी होती, म्हणून वाचली. समोर असती तर… ती मला एका शब्दानंही रागावली नाही. पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “उतर.” मग भिंतीकडं वळून, “रेखा, ये वो. तू बस.”

त्यानंतर त्या सीटवर मी कधी बसले नाही. चार वर्षं मी जानेफळला जाई, तेव्हा रेखा आत असे, मावशी बॉनेटपाशी, आणि मी ओट्यावर. दोघींचं बोलणंही अंगणभर पुरेल एवढंच असे. “सोड.” “सोडला.” “दाब.” “दाबला.” माझ्याशी मावशी तासन्‌तास बोलायची, जगाबद्दल, पुस्तकांबद्दल. पण मला हवं होतं ते “सोड” आणि “दाब”.

पहिल्या खेपेला उजव्या बाजूचं फाउंडेशन गेलं होतं. ते बदलताना मी पाहिलं आहे. इंजिनाखाली बाकाचा ठोकळा, ठोकळ्याखाली जॅक. “गाडी उचलाची नाई, नुसता भार घ्याचा,” मावशी सांगत होती, आणि रेखा दातांत पदर धरून जॅकचा दांडा एकेक वेढा फिरवत होती. निघालेले बोल्ट मावशीनं जमिनीवर पसरलेल्या एका कागदावर ठेवले आणि प्रत्येकापुढं पेन्सिलीनं लिहिलं: ‘वरचा’, ‘खालचा लांब’. कागद ‘चाक आपल्या हाती’चा होता. मी पाठवलेल्या गठ्ठ्यातला. मी म्हटलं, “मावशी, हे लोकांना वाटायला दिलं होतं.” ती मान वर न करता म्हणाली, “कामी पडून राह्यलं ना?” रेखा खळखळून हसली. तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवशी मी दुपारच्याच एसटीनं परत निघाले आणि बसमध्ये मनातल्या मनात तिच्याविरुद्ध एक पत्रक रचलं. मुद्दे नऊ झाले. एकही खरा नव्हता.

पुढं मी आणखी एक आगाऊपणा केला. मावशीवरच लेख लिहिला: ग्रामीण स्त्रीच्या बंडाची गाथा, असा काहीसा. त्यात रेखाचा उल्लेख नव्हता. विसरले नव्हते, वगळला होता. मावशीनं तो वाचला, घडी केली आणि विचारलं, “अन् ब्रेकवर कोण बसलं व्हतं यात?” मी लेख परत घ्यायला हात पुढं केला. “मी बंड नाई केलं, समे. गाडी नीट केली. अन् एकटीनं तं नाईच केली.” तिनं पेन्सिल मागितली नाही. खोडण्यासारखं तिला त्यात काही वाटलंच नाही, की सगळंच खोडण्यासारखं वाटलं? विचारायचं राहून गेलं.

ती गेल्यावर टेबलाच्या खणात एक चिठ्ठी सापडली. तिच्या त्या टपोऱ्या, फळ्यावरच्या अक्षरात. गाडी आणि पेटी रेखाला. पुस्तकं समताला. तीन कपाटं पुस्तकं! आई म्हणाली, “बघ, तुझी आठवण ठेवली.” मी लिहिणारी मुलगी, मला आणखी काय हवं? पण अंगणात रेखा पेटीचं झाकण लावत होती, आणि मला त्या क्षणी तीनही कपाटांच्या बदल्यात एक चौदा नंबरचा पाना चालला असता. पुस्तकं मावशीनं वाचली होती; ती कुणीही वाचू शकतं. पान्यांच्या मुठी तिच्या हातानं गुळगुळीत झाल्या होत्या. समान वाटपावर मी किती लिहिलं असेल… आणि तिथं उभी राहून मी मोजत होते, रेखाला काय मिळालं आणि मला काय.

रेखा पाणी आणायला आत गेली तेव्हा मी तो ठोकळा उचलला आणि पिशवीत, पुस्तकांखाली सरकवला. हो, चोरला. एरवी लोकांची नावं घालून पत्रकं काढते, तर इथंही नाव घालते: समता, बुलढाणा.

गेल्या आठवड्यात रेखाचा फोन आला. “ताई, बाईनं सांगतलं व्हतं ना, ते डाव्या बाजूचं. रबर आणलं मेहकरहून. पण बाकाचा ठोकळा कुठी दिसून नाई राह्यला. तुमी पाह्यला काय?” मी म्हटलं, “नाही गं.” फोन ठेवला. ठोकळा माझ्या टेबलावर समोरच होता, त्यावरचा इंजिनाच्या भारानं पडलेला खड्डा वर करून. चार दिवस मी त्याच्यासमोर बसून हा लेख लिहायचा प्रयत्न केला. मावशी ‘सत्याची चाड असलेली’ होती, असं एक वाक्य लिहिलं आणि तिथंच थांबले.

रविवारी मी जानेफळला गेले. पिशवीतून ठोकळा काढून धुण्याच्या दगडावर ठेवला. रेखानं आधी ठोकळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “मले माहीत व्हतं,” ती म्हणाली. “ठोकळ्याले काय पाय फुटले? अठी तुमच्याबिगर कोण आलं व्हतं त्या दिवशी?”

“मग फोनवर तसं म्हणायचंस ना.”

“मी काऊन म्हणू? तुमचं तुमाले वझं झालं तं येसान, म्हणलं.” मग हात पुसत, जरा मिस्कील, “आल्याच हा तं बसा आत. दुसरं कोणी नाई. पण पाय उचलू नोका बरं.”

चार वर्षांनी मी त्या सीटवर बसले. बॉनेट वर होतं. जिचा एवढा हेवा केला, त्या जागेवरून समोर फक्त पांढरा पत्रा दिसतो. पण पत्र्याच्या खालच्या कडेला चार बोटांची एक फट राहते, आणि त्या फटीतून बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे हात दिसतात. फक्त हात. तेलानं काळी झालेली बोटं, बांगड्या कोपराकडं सारलेल्या. “सोडा,” रेखा म्हणाली. मी सोडला. इंजिन डावीकडून उसळलं. “दाबा.” दाबला. माझा पाय हलला नाही, पण डोळ्यांसमोरचं सगळं पाण्यात गेलं. चार वर्षं या फटीतून रेखानं मावशीचे हात पाहिले होते. मी ओट्यावरून मावशीची पाठ पाहत होते.

हेवा तिथं संपला असता तर लेख छान झाला असता. तो वाढला.

काम दुपारपर्यंत चाललं. ठोकळा, जॅक, जुनं फाउंडेशन बाहेर: रबर मधोमध चिरलेलं, तेलानं फुगलेलं. नवं आत गेलं, बोल्ट हातानं लावले. मी पाना घेऊन पुढं सरसावले तर रेखानं मनगट धरलं. “थांबा. आधी इंजिन चालू करू, त्याले त्याच्या जागी बसू देऊ, मंग कसाचं. बाई मले दर खेपेस रागवे यावरून.” दर खेपेस… मला ती कधी रागावलीच नाही. एकदा फक्त “उतर” म्हणाली.

निघताना रेखानं ठोकळा पुसला आणि माझ्या पिशवीत टाकला. मी नको म्हटलं. “न्या,” ती म्हणाली. “पण काम निघालं का घेऊन येजा. तुमी येसान तवाच ठोकळा येईन, अन् ठोकळ्याबिगर काम होत नाई. समजलं?”

तो आता टेबलावर आहे. जुन्या खड्ड्याशेजारी परवाचा नवा खड्डा पडला आहे, अर्ध्या ‘ग’च्या जरा वर. लिहिताना अडलं की मी हात ठेवते तो जुन्यावरच. नव्यावर ठेवण्याइतकी मोठी मी अजून झालेले नाही. फाउंडेशन तीन असतात. उजवं झालं, डावं झालं. मागचं अजून दोनेक वर्षं काढेल, असं रेखा म्हणते… तिचा अंदाज चुको.