दोघांत एक बरणी

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनावर मुंबईची गाडी सुटायला वीस मिनिटं होती, तेवढ्यात रमणाची अम्मा आली आणि माझी नीट बांधलेली बॅग फलाटावरच पुन्हा उघडावी लागली. दिलसुखनगरहून दोन बस बदलून ती आली होती. हातात चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं, त्यावर दोऱ्याचे चार वेढे. आत गोंगुरा (अंबाडीच्या पाल्याचं लोणचं).

"दोघांत एकच केलीय," ती तेलुगूत म्हणाली. "वेगळी दिली की मुलं वेगळी जेवतात. रमणाला आणि इरफानला सांग, एकत्र बसून खा. आणि बरणी परत आण, माझ्या आईची आहे."

"अम्मा, मी अमेरिकेला चाललोय. वारंगळला नाही."

"आणशील. तू सगळं करतोस."

ते खरंच होतं. मी सगळं करतो. आमचं घर सुलतान बाजारात, तीन पिढ्या वकिलीत गेलेल्या. मी मात्र इंजिनीअर झालो आणि औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात लागलो. तरी दोस्तांनी श्रीकांत सोडून माझं नाव 'वकील'च ठेवलं, कारण एकदा मत दिलं की मी ते मागे घेत नाही. नुकता बाजार खुला झाला होता आणि आमचा कारखाना परदेशी यंत्रं मागवायला लागला होता. गोळ्या पाकिटबंद करायचं यंत्र शिकायला शिकागोला कुणाला पाठवायचं यावर साहेब आठवडाभर विचार करत बसले. मी केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, मला पाठवा. पाठवलं.

रमणा आणि इरफान हे कॉलेजातले माझे दोस्त. चार वर्षं आम्ही तिघं एका बाकावर बसलो. एक तेलुगू, एक मुसलमान, एक मराठी, आणि तिघांची आपसातली बोली दखनी. ते दोघं पीएच.डी.ला एकाच अमेरिकन विद्यापीठात गेले आणि एकाच घरात राहिले. मी साहेबांकडून प्रशिक्षणाच्या पुढं आठ दिवसांची रजा आधीच मंजूर करून घेतली होती.

शिकागोच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं बरणी उचलली, कानाशी हलवली आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, पालेभाजी, शिजवलेली. त्यानं फडकं जरा उचलून वास घेतला, डोळे मिचकावले आणि पुढं व्हा म्हणाला. तेल मात्र वाटेत पाझरलं होतं. माझा एकुलता एक चांगला शर्ट पाठीवर हिरवट डाग घेऊन तीन आठवडे कारखान्यात गेला. तिथले कामगार फार सभ्य, एकानंही विचारलं नाही.

यंत्राबद्दल इथं लिहीत नाही. यंत्र चांगलं होतं आणि ते मला आलं.

तीन आठवड्यांनी लांब पल्ल्याची बस पकडून मी रमणाच्या विद्यापीठाच्या गावी निघालो. पाच तास दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं. माणूस म्हणून दिसेना. आपल्याकडं पाच तासांत किमान दोन जत्रा आणि एक भांडण तरी दिसतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठून आलात? हैदराबाद म्हटलं. त्यांना वाटलं ते कुठल्या तरी वाळवंटात असावं. मी त्यांना मुसी नदी, हुसेनसागर आणि आमच्या पाण्याच्या नळाच्या वेळा, सगळं समजावून सांगितलं. त्या थोड्या वेळानं झोपल्या.

बसथांब्यावर रमणा एकटाच उभा होता. बारीक झाला होता, दाढी वाढवली होती. मिठी मारली ती सोडेचना. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "इरफान किधर है?"

"उन अलग रहता." (तो वेगळा राहतो.) रमणानं गाडी चालू केली. "वर्ष झालं. बोलत नाही आम्ही."

"कैकू?" (कशाला?)

"तुला माहीत नाही? तू अम्माच्या सांगण्यावरून वेळेवर फोन केलास. फोन त्यानं उचलला आणि माझ्यापासून लपवला. नान्नागारू (वडील) गेले तेव्हा मी पेपर लिहीत होतो, वकील. एक दिवस आधी निघालो असतो तर तोंड तरी बघितलं असतं. अम्माला मी विमान मिळालं नाही म्हणून सांगितलं. तिचा इरफानवर फार जीव आहे." मग म्हणाला, "तू आपलं काम केलंस. ते मी विसरणार नाही."

मी खिडकीची काच खाली केली आणि बाहेरच्या घरांचे नंबर वाचत बसलो.

काय झालं होतं ते वाचकांना सांगून टाकतो, कारण रमणाला सांगायला मला पुढं चार दिवस लागले. नान्नागारूंना छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. अम्मानं मला आबिड्सला फोन करायला पिटाळलं, रमणाला निघ म्हणून सांग. परदेशी फोनच्या काचेच्या खोक्यात मी उभा राहिलो, डोक्यावर तांबडे आकडे पळत होते. फोन इरफाननं उचलला. रमणा लायब्ररीत होता आणि दुसऱ्याच दिवशी त्याची पीएच.डी.ची मोठी परीक्षा होती. डॉक्टर तर म्हणाले होते, धोका टळलाय. मी इरफानला म्हटलं, "एक दिन दबाको रख मियां. पेपर हुए बाद बोल." तो म्हणाला, "कुछ उलटा हुआ तो?" मी म्हटलं, "जिम्मा मेरा." मग दवाखान्यात जाऊन अम्माला सांगितलं, निरोप दिला, रमणा निघाला. त्याच रात्री नान्नागारू गेले.

वर्षभर मी स्वतःची बाजू स्वतःपुढं मांडत होतो. पेपर चुकला असता तर मुलाचं वर्ष गेलं असतं. आपल्या घरांत हे असंच करतात. माझे आजोबा गेले तेव्हा बहिणीची बारावी चालू होती. ती मामाकडं राहून पेपर देत होती, तिला शेवटचा पेपर झाल्यावरच सांगितलं आणि सगळ्या नातेवाइकांनी माझ्या वडिलांचं कौतुक केलं. इरफाननं माझं नाव घेतलं नाही, हे मात्र मला आत्ता गाडीत कळत होतं.

पुढचे तीन दिवस रमणानं मला विद्यापीठ दाखवलं. लायब्ररीत पुस्तकाला हात लावायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. कपाटांना कुलूप नाही. जेवणघरात एकदा पैसे भरले की हवं तितकं वाढून घ्यायचं. मी बटाट्याचे चार प्रकार घेतले आणि चारही अळणी निघाले. खारी इतक्या धीट की माझ्या बुटावर बसल्या. रमणा हसत होता, पण संध्याकाळी घरी आलं की फ्रिजवर ठेवलेल्या बरणीकडं बघत नव्हता. "दोन डब्यांत वाटून टाक," म्हणाला. "त्याचा डबा तू देऊन ये." मी म्हटलं, अम्माचा हुकूम वेगळा आहे. मग तो विषय तिथंच थांबला.

चौथ्या दिवशी रमणा प्रयोगशाळेत अडकला होता म्हणून मी त्यांच्या विभागाच्या ऑफिसात कॉफी घेत बसलो. तिथं बेट्टी नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई पंचवीस वर्षं काम करत होत्या. रमणाचा हैदराबादचा दोस्त म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"त्याच्या वडिलांचं फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "आणि त्या पोरानं त्याच दिवशी परीक्षा दिली."

मी माझी बाजू मांडायची संधी सोडत नाही. म्हटलं, "दिली म्हणून बरं. नाहीतर वर्ष गेलं असतं."

"वर्ष?" बाईंना ते कळेना. "मला एक फोन केला असता तर पुढच्या महिन्यात घेतली असती. गेल्या साली एकाची बहिणीच्या लग्नासाठी पुढं ढकलली. मीच कागद केला."

कॉफी माझ्या हातातच गार झाली. इतकं सोपं होतं. वर्षभर ज्या एका खांबावर माझा सगळा युक्तिवाद उभा होता, तो खांब मुळात नव्हताच. मला माझी लाज वाटली. मी हैदराबादची परीक्षा डोक्यात ठेवून अमेरिकेतला निकाल दिला होता, आणि कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायची मला सवय नव्हती.

घरी आलो, बरणी काखेत मारली आणि इरफानच्या पत्त्यावर चालत निघालो. अडीच मैल, म्हणजे काचिगुड्याहून चारमिनार, त्यात काय. पण त्या रस्त्याला फूटपाथच नव्हता. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. शिपायानं काच खाली केली.

"तुमची गाडी बंद पडली का?"

"मला गाडी नाही. मी चालतोय."

"का?"

मी म्हटलं, मित्राच्या घरी जायचंय. मग त्यानं बरणीकडं बोट केलं. मी म्हटलं, मित्राच्या आईनं पाठवलंय. तो म्हणाला, बसा मागं. अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांच्या गाडीतून एखाद्याच्या दारात उतरलो. इरफाननं दार उघडलं, माझ्याकडं, बरणीकडं आणि पोलिसाकडं बघितलं आणि म्हणाला, "वकील साब, आतेच अंदर हो गए?"

खोली लहान होती, एक गादी, एक टेबल, एक खुर्ची. त्यानं चहा केला, आपल्या इराणी हॉटेलसारखा घट्ट. मी विचारलं, "मेरा नाम कैकू नहीं लिया?"

तो खिडकीला टेकून उभा होता. "फोन मैं उठाया, चुप मैं रहा. तेरा नाम लेको क्या होता? दोनों को छोड़ देता उन. उसके कने एक दोस्त तो रहना ना." (त्याच्यापाशी एक दोस्त तरी राहायला हवा.)

मी कोर्टातल्या माणसांच्या घरात वाढलो. इतकं साधं म्हणणं मी कधी ऐकलं नव्हतं. बरणी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं फडक्यावरून हात फिरवला. "अकेला नक्को," म्हणाला.

"मग चल."

इरफानच्या गाडीतून आम्ही रमणाच्या घरी गेलो. संध्याकाळचे सहा वाजले होते, रमणा भात लावत होता. इरफानला दारात बघून त्याचा चेहरा आवळला. तो काही बोलायच्या आत मी बोललो. भूमिका बांधली नाही, दाखले दिले नाहीत. म्हटलं, "रमणा, लपव म्हणून मी सांगितलं होतं. हा नको म्हणत होता. जिम्मा मेरा, असं मी म्हटलं आणि वर्षभर तो जिम्मा यानं उचलला." बेट्टीबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

रमणानं शेगडी बंद केली, कोट घातला आणि बाहेर गेला. आम्ही दोघं बसून राहिलो. भात अर्धा कच्चा होता. इरफाननं उठून शेगडी पुन्हा लावली.

तासाभरानं रमणा आला. हात धुतले, तीन ताटं मांडली, बरणीचा दोरा सोडला. आधी इरफानच्या ताटात गोंगुरा वाढला, मग स्वतःच्या. मग फडकं पुन्हा बांधलं. मला वाढला नाही. मी नुसतं वरण घालून भात खाल्ला आणि तो मला गोड लागला, कारण ते दोघं एकमेकांना मीठ सरकवत होते. पण वाईटही फार वाटलं, ते लपवत नाही.

उरलेले दिवस रमणा माझ्याशी कामापुरतं बोलला. निघताना मात्र दोघं पोचवायला आले. इरफान गाडी चालवत होता, रमणा त्याच्या शेजारी. बस आल्यावर रमणानं बरणी माझ्या हातात दिली. लोणचं डब्यात काढून ती घासली होती आणि आत अक्रोड भरले होते, कारण अम्माचं भांडं रिकामं परत जात नाही.

"अम्माला तूच सांग," तो म्हणाला. "मी सांगणार नाही." बस हलली तेव्हा इरफाननं हात केला. रमणानं केला नाही, पण बस वळेपर्यंत तो तिथंच उभा होता.

हैदराबादला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दिलसुखनगरला गेलो. अम्मा ओट्यावर बसून चिंच निवडत होती. "तिन्नावा?" (जेवलास का?) तिनं नेहमीसारखं विचारलं. मी बरणी तिच्यापुढं ठेवली आणि बसायच्या आधी सगळं सांगितलं. फोन, पेपर, रमणा निघाला म्हणून मारलेली थाप.

तिचे हात चिंचेत थांबले. तिनं विचारलं, "आता दोघं एकत्र जेवतात?"

"हो अम्मा."

तिनं बरणीचं फडकं सोडलं, अक्रोड बघितले, फडकं पुन्हा बांधलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या रात्री त्यांनी दोनदा विचारलं, रमणा निघाला का. मी म्हटलं, निघाला, श्रीकांत सांगून गेलाय. मग झोपले ते."

ती माझी सुटका होती की शिक्षा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. तिनं ताट वाढलं. मी जेवलो आणि सुलतान बाजारापर्यंत चालत घरी गेलो.

आता लोक विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस? उंच इमारती, मक्याची शेतं, धीट खारी, सगळं मी हौसेनं सांगतो. शेवटी म्हणतो, तिथं एक फोन केला की परीक्षा पुढं ढकलतात. लोकांना वाटतं, वकील गंमत करतोय.